पुढं म्हणजे कोठी

टेपला एवढंच येतं :
'आज रात्री ठीक साडेदहा वाजता,
आंबेटोल्याच्या भव्य पटांगणात...'
आठ दिवस हेच वाजवत फिरलो गोवर्धनच्या ऑटोत,
नऊ गावं, त्यातली दोन नदीपलीकडची.

आज मंडई.
दुपारी चारला वैनगंगेकडून आभाळ काळं होत आलं.
दिवाळी होऊन आठवडा झालेला, हा काही पावसाचा महिना नव्हे.
भज्यांच्या कढईत थेंब पडले, तेल तडतडलं,
फुगेवाल्यानं फुगे पोटाशी धरले.
शामियाना आधी फुगला,
म्हशीच्या कासेसारखा लोंबला,
मग मधोमध फाटला.
बसायला खणलेला खड्डा,
पोरांनी तीन दिवस फावडी मारून,
मागच्यालाही हिरोइनीची पावलं दिसावीत
म्हणून बेताचा उतार देऊन खणलेला,
अर्ध्या तासात बोडी झाला.
बेडकं कुठून आली कोण जाणे,
त्यांनी तिकीट काढलं नव्हतं.

यादोराव लांजेवारांनी छत्री माझ्या डोक्यावर धरली.
अध्यक्षांनी माझ्यावर छत्री धरायची ही पहिलीच वेळ.
म्हणाले, 'जाय, सांगून ये.'

टेपला हे येत नाही.
म्हणून स्वतःच्या घशानं सांगत सुटलो.
भोंग्यात पाणी गेलेलं,
माझाच आवाज मला गुळण्या केल्यासारखा ऐकू येई.
'पावसामुळे आजचा प्रयोग
पुढे ढकलण्यात आला आहे हो...'

बुराड्यांच्या घरी मुलगी बघायची ठरली होती,
नाटकाच्या गर्दीत, कुणाला कळू न देता.
आता ओसरीवर समोरासमोर बसून
चहा प्यावाच लागणार दोघांना.
मेश्रामांची लेक साकोलीहून फक्त नाटकासाठी आलेली,
उद्या सकाळच्या गाडीनं परत जाणार.
तिनं दार लावून घेतलं, जोरात नाही,
पण लावून घेतलं.

टोल्याच्या टोकाला पारबता कुंभरे.
आधीच नेसून, गोधडीची गुंडाळी काखेत घेऊन
दारात उभी.
'पुढं म्हन्जे कोठी जी?'
मी म्हणालो, कंपनीच्या तारखा शिवरात्रीपर्यंत भरल्या आहेत.
'मंग शिवरात्रीच्या पुढं?'
पुढं बघू, म्हणालो.
'थेच तं इचारतो मी,
पुढं म्हन्जे कोठी?'

रात्री साडेदहाला, ठीक साडेदहाला,
कंपनीचा ट्रक शाळेमागच्या चिखलात रुतला.
आणि गाव आलं.
मोबाइलच्या उजेडात, पोती डोक्यावर घेऊन,
साकोलीची लेकसुद्धा, भाऊजीची चप्पल घालून.
अर्धी मिशी निघालेला खलनायक डाव्या चाकाला,
राजा लुंगीत,
हिरोइन ऑक्टोपॅड प्लास्टिकात गुंडाळून
तान्ह्या पोरासारखा धरून उभी.
प्रॉम्प्टर सवयीनं हळूच म्हणे,
'हं... आता.'
आणि सगळे ढकलत.
चाक वर आलं तेव्हा
मागून कुणीतरी ओरडलं, 'वन्समोअर!'
आणि ट्रक परत खाली बसला.
असा हशा
मी या गावात कुठल्याच नाटकाला ऐकला नाही.

दीड वाजता गेले.
लाल दिवा बराच वेळ दिसत होता,
धानाच्या भिजलेल्या कडपांवरून.
तिकडे कुणी बघत नव्हतं,
ते सकाळसाठी ठेवलं होतं.

सकाळी शाळेच्या व्हरांड्यात पैसे परत केले.
ओल्या नोटा, चुरगळलेली तिकिटं.
पारबता आली नाही, म्हणून मीच गेलो
ऐंशी रुपये घेऊन.
तिकीट तिनं जात्याच्या पाळीखाली सुकत ठेवलं होतं.
'राहू दे जी.
तारीख निघन तवा हेच चालन ना?'

मी हो म्हणालो की नाही, आठवत नाही.
यादोरावांनी तीनदा हिशेब केला.
दर वेळी ऐंशी रुपये जास्त भरतात.